लिनक्स-वितरणाची निवड व यंत्रानुकूलता : वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने

ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील वऱ्हाडीचे नमुने लेखी स्वरूपाचे आहेत, आणि ते आजही कोणत्याही वाचकास वाचता येतात. याउलट प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत संगणकावर टंकित केलेली वऱ्हाडी शब्दसूची आज त्यालाच वाचता येत नाही. ज्या फॉन्टमध्ये ती लिहिली होती, तो फॉन्ट व त्याच्या सोबतची आज्ञावली ही दोन्ही ज्या संगणकात होती, तो मोडीत निघाला. उरली आहेत ती रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची अर्थहीन रांग. शंभर वर्षांपूर्वीचा कागद बोलतो आणि वीस वर्षांपूर्वीची फाईल मुकी होते, ही गोष्ट बोली-अभ्यासकाने गंभीरपणे घेतली पाहिजे. संगणक कोणता घ्यावा व त्यावर कोणती प्रणाली चालवावी, हा प्रश्न सामान्यतः दुकानदारावर सोपविला जातो. तो आपल्या संशोधनपद्धतीचाच एक भाग आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

(१) वितरण म्हणजे काय

लिनक्स हे नाव काटेकोरपणे पाहता केवळ कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तो प्रथम प्रसृत केला. कर्नल यंत्राच्या निरनिराळ्या भागांशी व्यवहार करतो; परंतु एवढ्याने लिहिणे, छापणे, ध्वनिमुद्रण ऐकणे ही कामे होत नाहीत. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या, फॉन्ट, कळफलकाच्या योजना आणि त्या सर्वांच्या सुधारित आवृत्त्या पोहोचविण्याची व्यवस्था कर्नलभोवती रचून जो संच तयार होतो, त्यास वितरण म्हणतात. डेबियन व स्लॅकवेअर ही १९९३ पासूनची वितरणे. फेडोरा २००३ चे, उबुंटू २००४ चे, तर लिनक्स मिंट २००६ चे. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेले बॉस हे वितरण डेबियनवरच आधारलेले आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा संबंध बोलींच्या दृष्टान्ताने चटकन् कळेल. व्याकरणाचा सांगाडा बहुतांशी एक, परंतु शब्दसंग्रह व लकबी निराळ्या; तद्वत् वितरणांचा कर्नल एकच असला तरी आज्ञावली बसविण्याची रीत, दर्शनी रूप व सुधारणांची गती भिन्न असते. डेबियनसाठी बांधलेले पॅकेज उबुंटूवर पुष्कळदा चालते, कारण त्या दोन्ही एका शाखेच्या. फेडोरावर ते तसेच चालणार नाही. मात्र एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. मराठीस प्रमाणभाषा आहे. लिनक्सला प्रमाण म्हणावे असे वितरण नाही. म्हणून 'सर्वांत चांगले वितरण कोणते' हा प्रश्न 'सर्वांत चांगली बोली कोणती' या प्रश्नाइतकाच निरर्थक होय. कोणत्या कामासाठी, कोणत्या यंत्रावर व किती काळ, असा प्रश्न विचारला तरच त्यास उत्तर मिळते.

(२) यंत्रानुकूलतेचा प्रश्न

अकोला-अकोट हा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटर असलेल्या त्या मार्गावरचे एंजिन १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर धावू शकत नसे. त्यात एंजिनाचा दोष नव्हता, की रुळांचाही. रूपांतर पूर्ण होऊन २०२२ साली येथे ब्रॉडगेज गाडी सुरू झाली, तेव्हा मार्ग व गाडी या दोन्ही गोष्टी एकदम बदलाव्या लागल्या. संगणकाचा भाग व कर्नल यांच्यातील संबंध असाच आहे. त्या दोहोंना जोडणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. तो जर कर्नलच्याच मूळ संचात समाविष्ट असेल, तर तो भाग जोडताक्षणी चालतो आणि कर्नल बदलला तरी चालत राहतो. तो जर बाहेरून आणावा लागत असेल, तर कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो पुन्हा बांधावा लागतो.

याचा अनुभव आमच्या विभागातील एका जुन्या डेस्कटॉपवर आला. त्यासाठी घेतलेल्या लहानशा यूएसबी वाय-फाय साधनाच्या खोक्यावर लिनक्सचे नाव छापलेले होते. प्रत्यक्षात त्याच क्रमांकाच्या साधनात उत्पादकाने मध्यंतरी निराळी चिप घातलेली होती. मोबाइल फोन यूएसबी-तारेने जोडून इंटरनेट घेतले, ड्रायव्हर मिळविला व साधन चालू केले. पुढे तीन आठवड्यांनी सुधारित कर्नल आला आणि ते पुन्हा बंद पडले. यावरून घ्यावयाचा बोध असा की, खोक्यावरील नाव व क्रमांक यांवर विसंबू नये. 'एलएसयूएसबी' व 'एलएसपीसीआय' या दोन आज्ञा प्रत्येक भागाची खरी ओळख, म्हणजे उत्पादकाची व साधनाची अशा चार-चार स्थानांच्या दोन संख्या, दाखवितात. ड्रायव्हरचा शोध त्या संख्यांवरून करावा.

काही भागांना ड्रायव्हरशिवाय फर्मवेअरही लागते. हा उत्पादकाने दिलेला, बहुधा बंदिस्त असा मजकूर होय. मुक्ततेच्या तत्त्वामुळे डेबियनच्या अधिकृत स्थापना-संचात तो पूर्वी नसे. त्यामुळे वाय-फायसाठी फर्मवेअर हवे आणि ते उतरवून घेण्यासाठी वाय-फाय हवे, अशा चक्रात नवशिका सापडे. २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हा नियम बदलला व जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर संचातच येऊ लागले. डेबियन नवशिक्यांसाठी नाही, ही समजूत त्यामुळे बरीचशी जुनी झाली आहे.

आपल्या कामास लागणाऱ्या अन्य साधनांविषयी थोडक्यात सांगता येईल. यूएसबीच्या सर्वसाधारण ध्वनि-मानकानुसार बनविलेले मायक्रोफोन वेगळ्या ड्रायव्हरवाचून चालतात. घेताना तेवढे विचारून घ्यावे. ध्वनिमुद्रकातील ३२ गिगाबाइटांहून मोठी कार्डे बहुधा एक्सफॅट पद्धतीची असतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली त्या पद्धतीचा तपशील खुला केल्यानंतर कर्नलने ती आत्मसात केली, म्हणून नव्या वितरणांत अडचण येत नाही. छपाईयंत्रांत मात्र सावध राहावे. आयपीपी पद्धतीने ड्रायव्हरविना छापणारी यंत्रे निर्वेध चालतात. केवळ उत्पादकाच्या बंदिस्त ड्रायव्हरवर अवलंबून असलेली स्वस्त यंत्रे पुष्कळदा त्रास देतात.

(३) निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी काळाची. फेडोराची आवृत्ती साधारणतः सहा महिन्यांनी येते व सुमारे तेरा महिने सांभाळली जाते. उबुंटूची दीर्घ-मुदतीची आवृत्ती दोन वर्षांनी येते व पाच वर्षे टिकते. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती तिच्यावरच उभारलेली असते. डेबियनची आवृत्तीही, दीर्घकालीन साहाय्य धरून, सुमारे पाच वर्षे चालते. आर्चमध्ये आवृत्त्या नसतात, सुधारणांचा ओघ अखंड असतो. पीएच.डी.चा प्रबंध तीन ते पाच वर्षांचा. तेव्हा त्या अवधीत पायाखालची जमीन न हलणे हेच इष्ट. नवीन यंत्रास नवीन कर्नल लागतो, म्हणून अगदी अलीकडे बाजारात आलेल्या लॅपटॉपवर फेडोरा सोयीचे ठरते. चार-पाच वर्षांच्या यंत्रास डेबियन वा मिंट पुरेसे होय.

दुसरी कसोटी यंत्राच्या वयाची. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ जुने प्रोसेसर स्वीकारीत नाही. महाविद्यालयांतील कितीतरी सुस्थितीतील यंत्रे त्यामुळे निकामी ठरण्याच्या मार्गावर आहेत. अशा ६४-बिट यंत्रांवर लिनक्स उत्तम चालते. ३२-बिट यंत्रांची गोष्ट वेगळी. उबुंटूने त्यांची वाट आधीच सोडली होती. ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून डेबियनचा स्थापना-संचही त्यांच्यासाठी उरला नाही.

तिसरी कसोटी कामाच्या प्रमाणाची. सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, एक वाहिनी असे ध्वनिमुद्रण केल्यास एका तासास सुमारे ३१८ मेगाबाइट लागतात. म्हणजे शंभर तासांस सुमारे ३२ गिगाबाइट. स्वनविश्लेषणासाठी ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील प्राट आणि टिप्पणीकरणासाठी नायमेखेन येथील माक्स प्लांक संस्थेची एलान या दोन्ही आज्ञावल्या लिनक्सवर चालतात व त्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पैसा थोडा असल्यास तो वेगवान प्रोसेसरवर न घालता ८ गिगाबाइट रॅम, एसएसडी आणि प्रतीसाठी दुसरी डिस्क यांवर खर्चावा.

प्रत्यक्ष परीक्षेची रीत सोपी आहे. वितरणाची प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरवून यंत्र तिच्यावरून सुरू करावे. मूळ डिस्कला धक्का लागत नाही. मग अर्धा तास वाय-फाय, ध्वनी, मायक्रोफोन, प्रोजेक्टर, छपाई आणि लॅपटॉप मिटवून उघडल्यावर तो नीट जागा होतो की नाही, हे क्रमाने पाहावे. खरेदीपूर्वी दुकानात हे करू देण्याची विनंती करण्यात संकोच नसावा.

(४) लिपीची कसोटी

आपल्या दृष्टीने निर्णायक परीक्षा याहून साधी आहे : यंत्रावर 'वऱ्हाड' हा शब्द लिहून पाहावा. यातील रकार हा रफार नव्हे. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या जोड्यांत अर्थभेद या एका चिन्हावर उभा आहे. युनिकोडमध्ये हे रूप ऱ, हलन्त-चिन्ह व पुढील व्यंजन या क्रमाने लिहिले जाते. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो. हा क्रम ओळखून अक्षराची योग्य आकृती जुळविण्याचे काम लिनक्सवर हार्फबझ ही आज्ञावली करते, आणि आकृती फॉन्ट पुरवितो. रेड हॅटने २००४ साली मुक्त परवान्याने दिलेला लोहित, तसेच मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, हे फॉन्ट कोणासही घेता, वाटता व सुधारता येतात. जुन्या पद्धतीत अक्षराची आकृतीच रोमन अक्षराच्या जागी बसविलेली असे. फॉन्ट गेला की भाषा गेली. युनिकोडमध्ये अक्षराची ओळख आकृतीपासून स्वतंत्र आहे, आणि मजकुराचे दीर्घायुष्य त्या स्वातंत्र्यात आहे.

दुसरी परीक्षा वर्णानुक्रमाची. प्रमाण मराठीतील ळ च्या जागी वऱ्हाडीत य येतो : काळा-काया, डोळा-डोया, शाळा-शाया. अशा रूपांची सूची लावताना ळ चे स्थान महत्त्वाचे. युनिकोडच्या संकेत-क्रमात ळ हा ल नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. प्रणालीचा स्थानिक संकेत मराठी ठेवल्याशिवाय सूची कोशाच्या क्रमाने लागेल अशी अपेक्षा करू नये. आणि तो ठेवल्यावरही दहा शब्दांनी पडताळा घ्यावा.

(५) मर्यादा

लिनक्सने सर्व प्रश्न सुटतात, असा दावा येथे नाही. गावातील छापखाने बहुधा अद्याप जुन्या फॉन्टांवर व विशिष्ट मांडणी-आज्ञावल्यांवर काम करतात. त्यांना फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी लागते व शेवटची दुरुस्ती आपणच करावी लागते. दुरुस्तीसाठी जाणकार माणूस तालुक्याच्या ठिकाणी सहज भेटत नाही. म्हणून एका विभागाने एकच वितरण स्वीकारावे व दोघांनी तरी ते नीट शिकून घ्यावे, हे श्रेयस्कर.

अकोटच्या उत्तरेस सातपुड्यात कोरकू ही मुंडा कुळातील भाषा बोलली जाते, आणि दक्षिणेच्या मैदानात वऱ्हाडी. या दोहोंचे जे ध्वनिमुद्रण आज आपण करू, ते देणारे वृद्ध पुन्हा भेटतीलच असे नाही. त्यांचा आवाज व शब्द कोणत्या स्वरूपात ठेवावयाचे हे मात्र आपल्या हाती आहे. खुल्या मानकात लिहिलेला मजकूर व खुल्या स्वरूपातील ध्वनी कोणत्याही प्रणालीवर उघडतात. वितरण बदलेल, यंत्र तर निश्चित बदलेल. सामग्री या दोहोंवर अवलंबून न राहील अशी योजना प्रथम करावी आणि मग वितरण निवडावे.