कोणत्या कार्यक्रमाला कोणता खजिना शोध?



कुणी भाजी निवडत असाल, कुणी नुकत्याच शेतातून येऊन टेकल्या असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आपण खेळाबद्दल बोलणार आहोत. हळदी-कुंकू असो, गटाचा वर्धापन दिन असो की ८ मार्च, कार्यक्रम ठरला की पहिला प्रश्न येतो, "खेळ कोणता घ्यायचा?" आणि उत्तरही ठरलेलं असतं, संगीत खुर्ची नाहीतर लिंबू-चमचा.

संगीत खुर्चीत गंमत येते, नाही असं नाही. पण तिचा नियमच असा, की दर फेरीला एकीला बाहेर काढायचं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बाहेर कोण पडतं ते आठवून बघा. जिचे गुडघे दुखतात ती, जी लाजते ती, जी नवीन आली आहे ती. मग त्या अर्धा तास कडेला बसून टाळ्या वाजवतात. खजिना शोधात कुणालाच बाहेर बसावं लागत नाही. वस्तू लपवलेली असते, तिच्यापर्यंत नेणाऱ्या खुणा असतात आणि सगळ्या मिळून शोधतात. शोध नीट निवडला नाही, तर मात्र इथेही तेच होतं. चिठ्ठी वाचता येणाऱ्या दोघी पुढे धावतात आणि बाकीच्या मागून चालत राहतात.

म्हणून खेळ ठरवण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. किती जणी येणार? त्यातल्या किती जणींना सहज वाचता येतं? आणि वेळ, जागा किती आहे? या तीन उत्तरांवर खेळाचा प्रकार ठरतो. आता एकेक प्रसंग घेऊ.

पहिला प्रसंग, नवीन गट. आपल्या बचत गटात साधारण १० ते २० जणी असतात. एकाच गावात राहूनही एकमेकींची ओळख "अमक्याची सून", "तमक्याची आई" एवढीच असते. इथे वस्तू लपवूच नका, इथे माणूसच खजिना. प्रत्येकीला मूठभर मक्याचे दाणे द्या. मग समन्वयकानं मोठ्यानं विचारायचं, "जिचं माहेर दुसऱ्या तालुक्यात आहे अशी ताई शोधा." "जिला गोधडी शिवता येते ती शोधा." "जी शेळीचं बाळंतपण करते ती शोधा." शोधणारीनं त्या ताईला तिचं स्वतःचं नाव विचारायचं आणि एक दाणा द्यायचा. शेवटी गोलात बसून प्रत्येकीनं आपल्याला सापडलेल्या एका ताईचं नाव आणि तिचा गुण सांगायचा. यात एक अक्षरही वाचावं लागत नाही. अर्ध्या तासात गटाला कळतं, की आपल्यात शिवणारी कोण, हिशेबात पक्की कोण, जनावरांची माहीतगार कोण. पुढे कर्ज कशासाठी घ्यायचं, कोणता धंदा धरायचा, हे ठरवताना ही ओळख कामाला येते.

दुसरा प्रसंग, हळदी-कुंकू. संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस. अंगावर चांगलं लुगडं किंवा साडी, खोली भरलेली, बायका येतात, बसतात, जातात. इथे पळापळीचा खेळ नको. बसल्या जागी शोध घ्या. वाणाच्या वाट्या भरताना पाच वाट्यांच्या तळाशी बाहेरून रंगीत टिकल्या लावून ठेवा. जिच्या वाटीखाली लाल टिकली निघेल तिनं हिरव्या टिकलीची जोडीदारीण शोधायची, असा खेळ तासभर सहज चालतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्यभर त्याची चर्चा झाली. आपल्या गटांतही अनेक जणी एकल आहेत. त्यांना कार्यक्रमाला बोलवायचं आणि खेळाच्या वेळी मात्र कडेला ठेवायचं, असं होऊ देऊ नका. टिकलीऐवजी रंगीत दोऱ्याची खूण ठेवली, तर वाटी घेताना कुणालाच संकोच वाटत नाही. खूण कोणती ठेवायची, हे असं बारकाईनं बघावं लागतं.

तिसरा प्रसंग, वर्धापन दिन किंवा ग्रामसंघाचा मेळावा. इथे माणसं जास्त, वेळ दोन तास, म्हणून साखळीचा शोध घ्या. एका ठिकाणी खूण मिळते, ती पुढच्या ठिकाणाकडे नेते. समजा २० जणी आहेत. पाच-पाच जणींच्या चार टीम करा. प्रत्येक टीममध्ये एक वाचणारी, एक वयानं मोठी, एक नवीन सून, अशी सरमिसळ असू द्या. चार ठिकाणं निवडा : शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, ग्रामपंचायत. सगळ्यांना एकाच ठिकाणाहून सोडलं तर गर्दी होते आणि मागची टीम पुढचीच्या मागे नुसती पळते. म्हणून पहिली टीम शाळेपासून, दुसरी अंगणवाडीपासून, अशी सुरुवात करून द्या. क्रम मात्र सगळ्यांचा एकच, शाळेनंतर अंगणवाडी, मग रेशन दुकान, मग ग्रामपंचायत, आणि तिथून पुन्हा शाळा. असं केलं की प्रत्येक ठिकाणी एकाच प्रकारची खूण ठेवावी लागते, तिच्या तीन प्रती पुरतात. ज्या टीमची ती चौथी, म्हणजे शेवटची जागा असेल, तिला खुणेऐवजी चित्राचा एक तुकडा द्यायचा. चार टीमचे चार तुकडे जोडले, की चित्र पूर्ण होतं आणि खजिना कुठे आहे ते कळतं. त्यामुळे कोण आधी आलं याला महत्त्व राहत नाही. एक टीम जरी मागे राहिली, तरी बाकीच्यांना तिची वाट बघावीच लागते.

प्रत्येक ठिकाणी टीमनं एक माहिती विचारून यायची. शाळेत विचारायचं, शाळा व्यवस्थापन समितीत महिला किती? शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे त्या समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. रेशन दुकानावर फलक बघायचा आणि आपल्या कार्डावर किती धान्य आहे ते विचारायचं. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो असं महिन्याचं प्रमाण आहे. ग्रामपंचायतीत विचारायचं, पुढची ग्रामसभा कधी आणि त्याआधीची महिला सभा कधी? गावात २० वर्षं नांदूनही ग्रामपंचायतीची पायरी न चढलेल्या बायका आपल्यात आहेत. एरवी "आपलं तिथे काय काम?" म्हणून पाय अडखळतो. खेळाच्या निमित्तानं पाच जणी मिळून गेल्या की पाय आपोआप आत पडतो, आणि एकदा आत पडलेला पाय दुसऱ्यांदा अडखळत नाही. हा शोध कामाच्या दिवशी ठेवा, म्हणजे कार्यालयं उघडी असतील, आणि आदल्या दिवशी तिथल्या लोकांना सांगून ठेवा.

चौथा प्रसंग, ८ मार्च किंवा महिला सभेच्या आधीची बैठक. इथे "माझ्या नावाचा कागद" हा शोध घ्या. हा यादीचा शोध आहे. यादी अशी : रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, घरपट्टीची पावती, सातबारा किंवा आठ-अ, रोजगार हमीचं जॉबकार्ड. प्रत्येकीनं आठवडाभरात घरी शोधायचं, की यातल्या कोणत्या कागदावर आपलं नाव आहे. कागद घरीच ठेवायचे, बैठकीला आणायचे नाहीत, कुणाला नंबर सांगायचे नाहीत. जेवढ्या कागदांवर नाव, तेवढ्या चवळीच्या बिया बरोबर आणायच्या. सगळ्यांच्या बिया एकाच ताटात टाकायच्या. कुणाच्या किती हे मोजायचं नाही, ताटात एकूण किती पडल्या ते मोजायचं.

पंधरा जणींचे पाच-पाच कागद धरले, तर ताटात ७५ बिया पडायला हव्यात. पडतात किती ते तुम्हीच करून बघा. रेशनकार्डाच्या बिया बहुधा पडतील, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं कुटुंबातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री ही कार्डावर कुटुंबप्रमुख मानली आहे. घर आणि जमीन आली की ताट रिकामं दिसू लागतं. ते रिकामं ताट बघून घरी जाऊ नका. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर आपलंही नाव लावायला अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न त्याच दिवशी इतिवृत्तात लिहा आणि महिला सभेत मांडा.

पाचवा प्रसंग, पावसाळ्यातली सहल किंवा श्रावणातली बैठक. हरतालिका-गणपतीसाठी पत्री गोळा करायला आपण लहानपणी हिंडलोच आहोत. तोही यादीचा शोधच होता. तसाच रानभाज्यांचा शोध घ्या : टाकळा, कुर्डू, आघाडा, घोळ, करटुली. प्रत्येक टीमची पुढारी म्हातारी आजीच हवी. एरवी मीटिंगमध्ये सही करायची वेळ आली की मागे सरकणारी आजी इथे सगळ्यांच्या पुढे चालते, आणि बीए झालेली मीही तिच्या मागून. नियम तीनच. मुळासकट उपटायचं नाही, एक-दोन पानंच घ्यायची. ओळख पटल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, कारण पत्रीतला धोतरा आणि कण्हेर दोन्ही विषारी आहेत. आणि दुसऱ्याच्या शेतात विचारल्याशिवाय शिरायचं नाही.

सहावा प्रसंग, किशोरी मुलींचा कार्यक्रम. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मुली उत्साहात असतात. त्यांना अवघड चिठ्ठ्या आवडतात, मोबाईलही हाताळता येतो. त्यांना फोटोचा शोध द्या. एका टीमला एक मोबाईल. गावातली जी जागा मुलींना अडचणीची वाटते तिचा फोटो काढून आणा : बंद पडलेला दिवा, दार नसलेलं स्वच्छतागृह, एसटी थांब्याचं फुटलेलं छप्पर. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि काढलेले फोटो कुणाला पाठवायचे नाहीत. ते फोटो मुलींनीच महिला सभेत दाखवावेत.

आता खुणा कशा करायच्या ते सांगते. आधी खजिना लपवा, मग शेवटची खूण ठरवा आणि मागे मागे येत पहिली खूण करा. असं केलं की साखळी तुटत नाही. वाचणाऱ्या कमी असतील तर वस्तूचीच खूण ठेवा. खडूचा तुकडा म्हणजे शाळा, कडुलिंबाची डहाळी म्हणजे पारावरचा लिंब, शाईचं पॅड म्हणजे ग्रामपंचायत. दुसरा मार्ग कोड्याचा. कोणी त्याला हुमण म्हणतं, कोणी उखाणा. हे ऐकून सोडवायचं असल्यामुळे निरक्षर बाईच बहुतेक वेळा आधी सोडवते. मी केलेली दोन ऐका. "दांडा हलवा, बोलत नाही, तोंड उघडं पण गिळत नाही, गावाची तहान भागवते, स्वतः थेंब पीत नाही." हा हापसा. "इथे बसतात, पण नोकरी नाही. इथे जेवतात, पण लग्न नाही. इथे वजन होतं, पण बाजार नाही." ही अंगणवाडी. तुम्ही याहून चांगली कराल.

खूण ठेवताना विहिरीचा काठ, कडब्याची गंज, दगडांची रास, विजेची पेटी या जागा टाळा. गटातल्या एकीलाही जिथे पाय ठेवायला अवघड वाटेल, मग ते जातीमुळे असो, पाळीमुळे असो, कुणाशी भांडण असल्यामुळे असो, ती जागाही टाळा. वेळ पाणी येण्याची नको, शाळा सुटण्याची नको. उन्हाळ्यात सकाळी लवकर घ्या.

खजिना सगळ्यांना वाटून घेता येईल असाच ठेवा. भाजीच्या बियाण्यांच्या पुड्या, शेंगदाण्याची चिक्की, पाच रोपं. गटाच्या बचतीला हात लावू नका. १० रुपये वर्गणी काढली तर १५ जणींचे १५० रुपये होतात, तेवढ्यात छान होतं.

खेळ संपल्यावर १० मिनिटं गोलात बसा. कोण जिंकलं हे विचारू नका. प्रत्येकीला विचारा, "तुला काय सापडलं?" जिच्याकडे सांगायला काहीच नसेल, तिला काय दिलं असतं तर सापडलं असतं, याचा विचार करून पुढचा खेळ निवडा.

येत्या बैठकीला यातला एक शोध घ्या. आणि ताटात बिया किती पडल्या, ते आपल्या रेडिओला नक्की कळवा.