मेंढ्यांचा वाडा आणि खानदेशाची शेते

धुळे जिल्ह्याच्या साक्री भागातील ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरताच घोड्यांवर बिऱ्हाड लादून चाऱ्यासाठी निघतात, आणि त्यांचा ‘वाडा’, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा व कळपांचा समूह, पिके निघालेल्या शेतांत उतरतो. मेंढ्या रात्री शेतात बसवल्या की लेंड्या आणि मूत्र यांतून नत्र थेट जमिनीत मिसळते, म्हणून शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. रासायनिक खतांच्या काळातही हा व्यवहार टिकून आहे, हे विशेष. लोकरीचे तसे झाले नाही: गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांमुळे घोंगडीची मागणी घटली आणि दख्खनी मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळली जाऊ लागली. बागायतीमुळे अनेक शेते आता वर्षभर व्यापलेली राहतात आणि कळपांची वाट अडते, त्यामुळे मेंढ्यांच्या जुन्या वाटा गावनकाशांवर नोंदवणे शासनाने तातडीने हाती घ्यावे.