तीन वॉर्ड, वीस जागा

1967 साली उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या पालिकेसाठी 14,429 कॅथलिक मतदार होते आणि 8,781 इतर, म्हणजे बहुतेक प्रोटेस्टंट. पालिकेत जागा वीस. कॅथलिकांची मते राष्ट्रवाद्यांना जात (आपल्याकडच्या पक्षाशी गल्लत नको, तिथले राष्ट्रवादी म्हणजे अखंड आयर्लंड मागणारे) आणि प्रोटेस्टंटांची युनियनवाद्यांना, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्यांना. सरळ त्रैराशिक मांडले तर राष्ट्रवाद्यांच्या वाट्याला बारा जागा येतात आणि युनियनवाद्यांच्या वाट्याला आठ. निकाल लागायचा तो नेमका उलटा. राष्ट्रवादी आठ, युनियनवादी बारा.

त्यासाठी मतपेटी फोडायची गरज नव्हती. शहराचे तीन वॉर्ड होते. साउथ वॉर्डात 10,047 कॅथलिक आणि 1,138 इतर मतदार कोंबलेले, जागा आठ. नॉर्थ वॉर्डात 2,530 कॅथलिक आणि 3,946 इतर. तिथेही जागा आठ. वॉटरसाइडला 1,852 आणि 3,697, जागा चार. ज्याचे बहुमत, त्याच्या पदरात वॉर्डातल्या सगळ्या जागा. पुढे उसळलेल्या दंगलींची कारणे शोधायला नेमलेल्या कॅमेरून आयोगाने 1969 च्या अहवालात हे आकडे छापले, तेव्हा नाकारण्यासारखे काही उरलेच नाही.

खरी मेख पुढे आहे. पालिकेसाठी मत होते ते घरमालकाला किंवा भाडेकरूला आणि त्याच्या जोडीदाराला. आईबापांच्या घरात राहणारा तीस वर्षांचा मुलगा मतदार नव्हता, पोटभाडेकरूही नव्हता. उलट मिळकत असलेल्या कंपनीला मात्र सहापर्यंत मते मिळत. म्हणजे पालिकेने एका कुटुंबाला घर दिले की वॉर्डात दोन मते वाढली. मग कॅथलिक कुटुंबाला नॉर्थ वॉर्डात घर कोण देणार? नवी वसाहत उभी राहायची ती साउथ वॉर्डातच; तिथे मते कितीही वाढली तरी जागा आठच्या आठच. घरवाटपाचा निर्णय प्रत्यक्षात एकटे महापौर घेत. घरांची टंचाई, ओल धरलेल्या खोल्या, एका छपराखाली दोन-तीन कुटुंबे, या सगळ्याचे मूळ नकाशावरच्या त्या तीन रेघांत होते.

गंमत अशी की याच डेरीत 1920 साली वेगळे चित्र दिसले होते. त्याची सुरुवात दक्षिणेकडच्या स्लायगो गावात झाली. कवी येट्सचे हे आजोळ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिथली पालिका कर्जात बुडाली होती. कर भरणारे व्यापारी आणि प्रोटेस्टंट म्हणत, आम्ही पैसे भरायचे आणि सभागृहात आमचा माणूस नाही. त्यावर तोडगा म्हणून 1918 मध्ये स्लायगोसाठी खास कायदा झाला आणि 15 जानेवारी 1919 रोजी 24 जागांची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने झाली. महिन्याभरापूर्वीच सार्वत्रिक निवडणुकीत ब्रिटनपासून स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाने आयर्लंडच्या 105 पैकी 73 जागा खेचल्या होत्या. स्लायगोत मात्र करदात्यांच्या संघाला 8, शिन फेनला 7, मजूर पक्षाला 5 आणि अपक्षांना 4 जागा मिळाल्या.

पद्धत मराठी वाचकाला परकी नाही. विधान परिषदेची निवडणूक लागली की आपल्या वर्तमानपत्रांत 'कोटा', 'पहिल्या पसंतीची मते', 'दुसऱ्या पसंतीवर विजय' हे शब्द रोज दिसू लागतात. जुलै 2024 मध्ये 11 जागांना 12 उमेदवार होते, 23 मतांचा कोटा होता आणि अकरावी जागा दुसऱ्या पसंतीवर ठरली. तीच ही पद्धत. फरक इतकाच की आयर्लंडात मतदार आमदार नसून रस्त्यावरचा माणूस असतो. तो उमेदवारांच्या नावापुढे 1, 2, 3 असे आकडे लिहितो. वैध मतांना जागांपेक्षा एकने मोठ्या संख्येने भागायचे, अपूर्णांक सोडून एक मिळवायचा, की कोटा निघतो. सहा जागा आणि दहा हजार मते असतील तर 1,429. कोट्यावरची जादा मते पुढच्या पसंतीकडे वळतात. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही वळतात. त्यामुळे अशा सहा जागांच्या वॉर्डात सातवा हिस्सा लोक एका विचाराचे असले की त्यांचा एक माणूस हमखास निवडून येतो.

ब्रिटिश सरकारला स्लायगोचा निकाल भलताच आवडला. शिन फेनला वेसण घालायला हे हत्यार बरे, असा हिशेब करून त्याच वर्षी साऱ्या आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकांना ही पद्धत लावण्यात आली. जानेवारी 1920 मध्ये शहरांच्या निवडणुका झाल्या. शिन फेनला 1,806 पैकी 550 जागा मिळाल्या, म्हणजे वेसण काही अंशी बसली. पण हत्यार दुधारी निघाले. डेरीत 40 पैकी 21 जागा राष्ट्रवादी आणि शिन फेन मिळून, 19 युनियनवादी. ह्यू ओडोहर्टी महापौर झाले. त्या शहराने दोनशेहून अधिक वर्षांत कॅथलिक महापौर पाहिला नव्हता.

पुढच्याच वर्षी आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेत सत्तेवर आलेल्या जेम्स क्रेग यांच्या सरकारने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक होते स्थानिक निवडणुकांतली प्रमाणशीर पद्धत रद्द करणे. 1922 च्या उन्हाळ्यात विधेयक मंजूर झाले. लंडनने राजसंमती काही आठवडे अडवून धरली, क्रेग यांनी राजीनाम्याची धमकी दिली आणि सप्टेंबरमध्ये संमती मिळाली. अल्पसंख्याकांच्या हाती असलेले संरक्षण लंडनने असे आठवड्यांच्या हिशेबाने विकले. मग वॉर्डांच्या रेघा नव्याने मारल्या गेल्या. डेरीत 1936 साली पुन्हा फेररचना झाली, आणि वर सांगितलेले तीन वॉर्ड ही त्याच फेररचनेची देणगी.

दक्षिणेत उलटे घडले. तिथे प्रमाणशीर पद्धत राज्यघटनेत गेली. सर्वांत मोठ्या फियाना फॉल पक्षाला ती डाचत होती. 1959 मध्ये डे व्हलेरा यांच्या सरकारने संसदेसाठी ती रद्द करण्याचा प्रस्ताव जनतेपुढे ठेवला. मतदान अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्याच दिवशी घेतले आणि अध्यक्षपदाचे उमेदवार होते खुद्द डे व्हलेरा. लोकांनी त्यांना अध्यक्ष केले आणि प्रस्ताव 51.8 टक्के मतांनी फेटाळला! पक्षाने 16 ऑक्टोबर 1968 रोजी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी विरोध 60.8 टक्के.

त्याच्या बरोबर अकरा दिवस आधी, 5 ऑक्टोबरला, डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर नागरी हक्कांचा मोर्चा निघाला होता. घर द्या आणि एका माणसाला एक मत द्या, या प्रमुख मागण्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आयरिश टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्याने ते टिपले आणि जगाने पाहिले. एकाच बेटावर, एकाच महिन्यात, एकीकडे लोक आपली मतपद्धत जपत होते आणि दुसरीकडे ती हिरावलेले लोक रस्त्यावर मार खात होते. पुढे डेरीची पालिका बरखास्त झाली, प्रौढ मताधिकार आला आणि 30 मे 1973 रोजी उत्तर आयर्लंडच्या 26 नव्या स्थानिक मंडळांसाठी पुन्हा पसंतीक्रमाने मतदान झाले. तोवर फार उशीर झाला होता. जानेवारी 1972 मध्ये याच डेरीत लष्कराच्या गोळीबारात तेरा जण जागीच गेले होते, आणि पुढची पंचवीस वर्षे बंदुका बोलत राहिल्या. मतपद्धत सुधारली की हिंसा थांबते, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण 1922 ची ती दुरुस्ती झाली नसती, तर 1968 च्या मोर्चाला निदान डेरीतून निघायचे कारण उरले नसते.

आजच्या आयर्लंडात ही निवडणूक कशी चालते, याचा एक धागा थेट मालवण तालुक्यातल्या वराड गावापर्यंत येतो. वडिलांकडून वराडचे असलेले लिओ वराडकर 1999 मध्ये, विसाव्या वर्षी, डब्लिनलगतच्या फिंगल काउंटी कौन्सिलसाठी उभे राहिले. पहिल्या पसंतीची मते पडली 380. 2003 मध्ये रिकाम्या जागेवर ते स्वीकृत झाले आणि 2004 मध्ये त्यांना 4,894 पहिल्या पसंतीची मते मिळाली, देशभरात सर्वाधिक. तेरा वर्षांनी ते पंतप्रधान झाले.

2004 च्या त्याच निवडणुकीसाठी आयरिश सरकारने सुमारे साडेसात हजार मतदान यंत्रे घेऊन ठेवली होती. स्वतंत्र आयोगाने त्यांच्या विश्वासार्हतेविषयी शंका काढल्यावर ती वापरलीच नाहीत. सगळा खटाटोप 5 कोटी 40 लाख युरोंना पडला, आणि 2012 मध्ये यंत्रे जवळपास 70 हजार युरोंना भंगारात गेली. मतमोजणी आजही कागदाची आणि हातानेच होते, कधी दोन-तीन दिवस चालते. कठड्याबाहेर 'टॅलीमन' उभे असतात: पक्षांचे कार्यकर्ते, पेटी उघडली की डोळ्यांनी टिपून कुठल्या गल्लीत कोणाला किती, हे मांडणारे. एकमेकांचे कट्टर विरोधक इथे आकडे वाटून घेतात आणि अधिकृत निकालाच्या कितीतरी आधी चित्र सांगून मोकळे होतात.

ही पद्धत निर्दोष नाही. तीन जागांच्या वॉर्डात कोटा पाव हिस्सा होतो आणि लहान गट बाहेर पडतो; त्यामुळे रेघा मारणाऱ्याला इथेही थोडा वाव असतो. 1974 मध्ये मंत्री जेम्स टली यांनी डब्लिनमध्ये मुद्दाम तीन जागांचे मतदारसंघ पाडले. 1977 च्या लाटेत ते त्यांच्याच आघाडीवर उलटले, आणि पुढे हे काम स्वतंत्र आयोगाकडे गेले.

आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी जानेवारी 1949 मध्ये संविधान सभेत लोकसभेसाठी प्रमाणशीर पद्धत नाकारली. कारणे दोन: निरक्षरता आणि सरकारच्या स्थैर्याची चिंता. पहिले आता बरेच ओसरले आहे. दुसरे महानगरपालिकेला फारसे लागू पडत नाही, कारण तिथे कारभार आयुक्त चालवतो आणि सभागृहात मत हरले म्हणून पालिका कोसळत नाही.

2017 मध्ये पुणे, नाशिक, नागपूरला चार सदस्यांचे प्रभाग होते. मतदाराने चार बटणे दाबायची, प्रत्येक जागेचा निकाल वेगळा, आणि एका पक्षाचे सगळे पॅनेल निवडून येण्याची सोय पुरेपूर. आरक्षित जागा पसंतीक्रमात कशा बसवायच्या, हा प्रश्न अवघड आहे, हे मान्य. पण हेच नगरसेवक सभागृहात गेले की स्थायी समितीचे सदस्य आणि स्वीकृत नगरसेवक पक्षांच्या 'तौलनिक संख्याबळा'नुसार ठरतात. नगरसेवकांनी आपापसांत वाटणी करताना जो न्याय लावायचा, तो मतदाराला नाही. पुढच्या वेळी प्रारूप प्रभाग रचना जाहीर होऊन हरकती मागवल्या जातील, तेव्हा हा प्रश्न लेखी विचारा.