हृदयाच्या झडपेचे दर्शन

सुरतेहून मुंबईकडे निघालेल्या गाडीने उधना सोडले की भेस्तान स्थानक लागते. खानदेशातून ताप्ती मार्गाने आलेली अनेक मराठी कुटुंबे या परिसरात मागावर काम करून पोट भरतात. अशाच एखाद्या घरातील तरुण सून चार पायऱ्या चढताच धापा टाकू लागली, तर घरची मंडळी काय म्हणतात? "अशक्तपणा आहे, दुसरे काय!"

कधी कधी मात्र दोष हृदयाच्या झडपेत दडलेला असतो. बालपणी घसा सुजतो. पुढे ताप येतो, सांधे दुखतात. दुखणे बरे झाले असे आपण समजतो. परंतु या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होते व तिच्या कडा एकमेकींस चिकटतात. निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असणारे तिचे तोंड दीडाहूनही कमी झाले, तर विकार गंभीर समजतात. गरोदरपणी त्याचा धोका फार वाढतो.

ही झडप छाती न उघडता कशी पाहावी? माल्मो येथील जहाजकारखान्यात पोलादातील छुप्या भेगा शोधण्याचे यंत्र होते. त्याच जातीच्या यंत्राने स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ या दोघांनी १९५३ साली जिवंत हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. विहिरीत हाक मारावी आणि ती परत यावी, तसाच हा प्रकार होय. मात्र हा ध्वनी आपल्या कानांस ऐकू येत नाही. क्ष-किरणांचा यात संबंध नसल्याने गरोदर स्त्रीचीही तपासणी निर्धोकपणे करता येते.

साध्या इकोत हृदयाची एकच फाक दिसते. पपई तिरपी कापली तर आतली पोकळी मोठी भासते. तद्वत फाक तिरपी पडली तर अरुंद तोंडही मोठे वाटते व निदान चुकते. त्रिमितीय इकोत हजारो सूक्ष्म घटकांचा शोधक संपूर्ण झडप लांबी, रुंदी व खोलीसह दाखवतो. अशी यंत्रे २००२ च्या सुमारास प्रचारात आली. त्यांच्या साहाय्याने डॉक्टर नेमक्या अरुंद जागी मोजमाप घेतात. फुग्याने झडप उघडता येईल की शस्त्रक्रियाच करावी लागेल, हे ठरविण्यास त्याचा मोठा उपयोग होतो. फुग्याचा हा उपाय जपानच्या इनोए यांनी १९८४ साली जगापुढे मांडला.

हे यंत्र महाग असून सर्वत्र नसते, हे खरे. तथापि पहिली शंका साध्या इकोनेही फिटते. म्हणून वाचकांस आमचे एवढेच सांगणे: मुलाचा घसा दुखून ताप आला, तर डॉक्टरांस दाखवा. संधिवाताचा ताप येऊन गेला असेल व पेनिसिलिनची सुई दर तीन-चार आठवड्यांनी घेण्यास सांगितले असेल, तर बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडू नका. आणि सुनेस धाप लागत असेल, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी तिचे हृदय तपासून घ्या.