गुप्तधनाच्या गोष्टी आणि पांढरीची टेकाडे

जादूगार पुरातत्त्वज्ञ हा कल्पित साहित्यातला मोठा लोभस नायक आहे. हॅरी पॉटरच्या गोष्टींतला बिल वीझली गॉब्लिनांच्या बँकेसाठी इजिप्तमध्ये काम करतो. जुन्या थडग्यांवर प्राचीन मांत्रिकांनी घातलेले शाप मोडायचे आणि आतले सोने बाहेर काढायचे, ही त्याची नोकरी. १९८१ साली पडद्यावर आलेला इंडियाना जोन्स मांत्रिक नाही, प्राध्यापक आहे. पण त्याच्याही हाती लागणाऱ्या वस्तू मंतरलेल्याच असतात. या गोष्टींचा साचा ठरलेला आहे. एक नकाशा, एक कोडे, सापळे, राखणदार, वस्तू हाती आल्यावर होणारी पळापळ, आणि शेवटी त्या पराक्रमाची कहाणी. मुलांनी त्या वाचाव्यात, मोठ्यांनीही वाचाव्यात. त्यांतल्या जादूबद्दल तक्रार करण्याचे काही कारण नाही. तक्रार आहे ती त्यांच्यातल्या एका गृहीताबद्दल. या गोष्टींत खजिना म्हणजे वस्तू, आणि ती ज्या जागी पडलेली असते ती जागा म्हणजे नुसता अडथळा. भिंत फोडली, दगड बाजूला सारला, माती उपसली की झाले. खऱ्या उत्खननात याच्या नेमके उलट असते. तिथे माती हीच मिळकत असते, आणि वस्तू हा त्या मातीतला एक शब्द असतो. बारामती-इंदापूरच्या वाचकाने हे समजून घ्यावे असे मनापासून वाटते, कारण गुप्तधनाच्या गोष्टी या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत आणि मातीतली खरी मिळकतही याच पंचक्रोशीत आहे.

ही ओढ परक्या पुस्तकांनी आणलेली नाही. इंदापूरची गढी ज्यांच्या नावाने ओळखली जाते आणि इंदापूरच्या लढाईतच जे पडले असे परंपरा सांगते, त्या मालोजीराजे भोसल्यांच्या उदयाची बखरींतली कथा गुप्तधनाचीच आहे. वेरूळला असताना देवीने दृष्टान्त दिला, नागाच्या राखणीतले धन दाखवले, ते श्रीगोंद्याच्या शेषाप्पा नाईकांकडे ठेव म्हणून राहिले, आणि त्यातून घोडे, शिलेदार, घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार, शिखर शिंगणापूरचे तळे अशी कामे उभी राहिली. ऐतिहासिक पुरावा म्हणून ही कथा टिकत नाही. अचानक वर आलेल्या घराण्याच्या संपत्तीला देवीचे अधिष्ठान देण्याची ती रीत आहे, असे म्हणणे जास्त सयुक्तिक. पण तिच्यातली सामग्री आजही गावोगाव जिवंत आहे. वारुळावरचा नाग, रात्री साखळदंडांचा आवाज करीत बारवेतून सरकणारे हंडे, पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीखालचे दिसते ही समजूत, हे सगळे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून सापडते. नारायण धारपांच्या कथेचे ऋण मान्य करणारा २०१८ चा ‘तुंबाड’ याच परंपरेतला. पिठाची बाहुली घेऊन विहिरीत उतरणारा विनायकराव सोन्याच्या मोहरा आणतो आणि त्यांची किंमत पुढच्या पिढीपर्यंत मोजतो. बखर आणि चित्रपट दोन टोकांना आहेत. एकीत धन शुभ, दुसऱ्यात अशुभ. तरी दोघांचा प्रश्न एकच आहे, धन घेणाऱ्याची नियत कशी होती. धन गेल्यावर त्या जागेचे काय झाले, हे कोणीच विचारत नाही.

हा प्रश्न किती मोलाचा आहे याची खूण हॅरी पॉटरच्याच दुसऱ्या भागात आहे. त्यातला गिल्डरॉय लॉकहार्ट हा स्वतःच्या साहसांची पुस्तके छापून प्रसिद्ध झालेला जादूगार. प्रत्यक्षात ते पराक्रम इतरांचे असतात. तो त्यांच्याकडून सगळी हकिकत काढून घेतो आणि मग मंत्राने त्यांची स्मृती पुसून टाकतो. कुदळ घेऊन खजिना काढणारा माणूस जमिनीशी हेच करतो. वस्तू त्याच्या हातात येते आणि ती वस्तू कोणाची, कधीची, कशासाठी होती हे सांगणारी आठवण त्याच घावात नाहीशी होते.

याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण दायमाबादचे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, १९७४ साली एका स्थानिक माणसाला मुळे खणताना चार धातुशिल्पे सापडली. बैल जोडलेला आणि सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. गोष्टीतल्या नायकाला मिळावा तसा हा ऐवज, आणि तो खरा आहे. पण ती शिल्पे कुठल्या थरात होती, शेजारी खापरे होती की राख, घराची जमीन होती की खड्डा, याची नोंद होण्याआधीच ती बाहेर आली होती. पुढे तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले, तरी निघालेल्या वस्तू पुन्हा आपल्या जागी ठेवता येत नाहीत. परिणाम असा की काही अभ्यासक त्यांना उत्तर-हडप्पा काळातल्या मानतात, तर काही जण धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून शंका घेतात. पन्नास वर्षे उलटली तरी वाद मिटलेला नाही. इतकी देखणी वस्तू, आणि तिचे वय खात्रीने सांगता येत नाही. त्या माणसाचा यात काडीचाही दोष नाही. तो सरपण शोधत होता की धन, याने फरक पडत नाही. जागा मोडली की मोडली.

आता याच्याशेजारी शिरूर तालुक्यातले इनामगाव ठेवून पाहावे. घोड नदीच्या काठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या तिघांच्या नावाने त्याचा अहवाल १९८८ साली निघाला. सुमारे इसवी सन पूर्व १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. इथे सोन्याचा हंडा निघाला नाही. निघाले ते घराच्या जमिनीखाली जपून पुरलेले मातीचे एक लांबट गोल झाकणाचे पात्र. आत स्त्रीची एक मूर्ती, झाकणावर दुसरी बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीला आणि बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाखाली बारीक भोके होती. त्यांत काडी घातली तेव्हा ती बाई बैलावर बसते हे कळले. सगळे कच्च्या मातीचे. धनाच्या शोधात आलेल्याच्या पहिल्याच घावाला तिचा चुरा झाला असता, आणि आपण काही मोडले हे त्याला उमगलेही नसते. बाजारात तिला कवडीची किंमत नाही. तरीही तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी भीमेच्या खोऱ्यातल्या घरात देवता कशी ठेवली जात होती, हे सांगणारा याहून जवळचा साक्षीदार मिळणे कठीण.

त्याच गावातले चार पायांचे मातीचे मोठे रांजण पाहा. वस्तीच्या मध्यभागी असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात ते पुरलेले होते आणि त्यात मांडी घालून बसवलेला एक पुरुष होता. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडण्याची रीत होती. या माणसाची पावले शाबूत होती. घराला लागून धान्याचे कोठार होते. रांजण, पावले, अंगण, कोठार यांतले कोणतेही एक सुटे दिले तर काहीच सांगता येत नाही. चारही एकमेकांशेजारी जागच्या जागी सापडले, म्हणून हा गावचा प्रमुख असावा आणि गावाचे धान्य त्याच्या देखरेखीखाली असावे, असा तर्क बांधता आला. वरच्या थरांत याहून मोठी हकिकत आहे. इसवी सन पूर्व १००० च्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, गव्हाचे दाणे कमी होतात, शिकारीच्या जनावरांची हाडे वाढतात. पाऊस हटला, शेती बसेना, माणसे मेंढरे घेऊन भटकू लागली आणि अखेर गाव उठले, असा ढवळीकरांचा निष्कर्ष. इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात आणि बारामतीच्या दुष्काळी गावांत ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्यांना ही कहाणी समजावून सांगावी लागणार नाही. ती कळली ती जळलेल्या दाण्यांवरून, हाडांवरून, चुलीतल्या राखेवरून, म्हणजे खजिना शोधणारा जे फावड्याने बाजूला लोटतो त्यावरून.

बारामती तालुक्यातही असे धन आहे. मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला लाखो माणसे येतात, पण त्याच गावाजवळ कऱ्हेच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ही राख सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या, सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारे, हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. राख पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की आठ लाख वर्षांच्या आसपासच्या आधीच्या स्फोटाची, यावर संशोधकांत खरोखरीचा वाद आहे, आणि हत्यारांचे वय त्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणजे या मुलखात माणूस कधीपासून आहे, या प्रश्नाची किल्ली नदीकाठच्या हातभर मातीत आहे. कुठल्याही मंतरलेल्या रत्नापेक्षा हे कमी थरारक आहे असे कोण म्हणेल? इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने मंदिर उजनी धरणाच्या पाण्यात गेले. साठा फार खाली गेला की त्याचे विटांचे शिखर आणि आसपासचे वीरगळ उघडे पडतात. तेव्हा तिथे गर्दी होते. तिथला प्रत्येक वीरगळ कोणाच्या तरी मरणाची जागा सांगतो, आणि उचलून अंगणात नेऊन ठेवला की तो फक्त कोरीव दगड उरतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की गोष्ट ती गोष्ट. बिल वीझली वाचून कोणी कुदळ उचलत नाही. हे खरे आहे, आणि गोष्टींवर बंधन घालावे असे इथे सुचवायचेही नाही. पण गुप्तधनाची कल्पना आपल्याकडे पुस्तकापुरती राहिलेली नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात स्त्रियांचे आणि लहान मुलींचे खून झाले, आणि त्यांच्या मुळाशी गुप्तधनासाठी बळी देण्याची कल्पना होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, आणि सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद ठेवावी लागली. जिथे मांत्रिक खड्ड्याची जागा आखून देतो तिथे आधी माणूस धोक्यात येतो आणि मग इतिहास. दोन्ही हानींचे मूळ एकच, जमिनीत फक्त वस्तू असते ही समजूत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुरातत्त्वविद्या स्वतःच खजिन्याच्या लोभातून जन्मली, मग लोभाला नावे का ठेवायची? हाइनरिश श्लीमानने होमरच्या काव्यावर विश्वास ठेवून ट्रॉय शोधले, हे नाकारता येणार नाही. पण त्याच श्लीमानने घाईने खोल चर खणून वरचे थर उद्ध्वस्त केले, आणि १८७३ मध्ये ज्या दागिन्यांना त्याने प्रायम राजाचा खजिना म्हटले ते त्या कथित युद्धाच्या हजारभर वर्षे आधीचे निघाले. गोष्टीने त्याला जागेपर्यंत नेले. जागा वाचायला मात्र गोष्ट पुरली नाही. सांकलियांनाही शाळकरी वयात टिळकांच्या आर्यांच्या मूळस्थानाविषयीच्या पुस्तकाने झपाटले होते. ते झपाटलेपण त्यांनी थर मोजण्याच्या, खापरांची वर्गवारी करण्याच्या शिस्तीत मुरवले, म्हणून इनामगाव उभे राहिले. साहसकथेने ओढ लावावी, पुढचे काम शिस्तीने करावे. मराठीत कोणी असा नायक लिहिला की जो मंतरलेली मूर्ती उचलण्याआधी तिच्याभोवतीची माती टिपून घेतो, कारण शाप उलगडण्याची खूण त्या मातीतच आहे, तर ती कथा अधिक रंगेल.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो सर्वांत न्याय्य. काही सापडले असे कळवले तर जमीन अडकेल, काम थांबेल, हेलपाटे पडतील, ही भीती खोटी नाही. पांढरीची कसदार माती खत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांनी शेतात गेली, तेव्हा त्यात चोरी करण्याचा कोणाचा हेतू नव्हता. म्हणून लोकांना नुसती कायद्याची भीती घालणे बरोबर नाही. कायद्याने त्यांना काय दिले आहे हेही सांगायला हवे. १८७८ चा ठेवा-शोध कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यात बंधनकारक आहे. पण ठेव्यावर कोणाचा मालकी हक्क शाबीत झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर त्यात सापडवणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश वाटा धरलेला आहे, आणि सरकारने ठेवा घेतला तर मोबदला द्यावा लागतो. हे गावात कोणी सांगत नाही, आणि म्हणूनच सापडलेली वस्तू सराफाकडे किंवा विहिरीत जाते. मोबदला वेळेवर आणि सन्मानाने मिळाला, उत्खननाचा अहवाल मराठीत त्याच गावात वाचला गेला, तर कळवणाऱ्यांची संख्या वाढेल असा विश्वास वाटतो.

बारामती-इंदापुरात विहिरी, शेततळी, पाइपलाइनचे चर आणि रस्ते रोज खणले जात आहेत. जेसीबीच्या दातांना रंगीत खापर, राखेचा पट्टा, घडीव दगड किंवा नाणे लागले, तर तेवढ्या जागेचे काम थांबवावे. वस्तू पुसू नये, धुऊ नये, हलवू नये. जागेसकट फोटो काढावा, जमिनीपासूनची खोली मोजून लिहावी, आणि तलाठी किंवा तहसीलदारांना, तसेच पुण्यात डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.