चढणीवर इंजिनाची ठिणगी चुकणें

तुर्भे येथील घाऊक बाजारांत माल पोंचवून देशावर परतणारी पेट्रोलची मोटार पनवेलपर्यंत सुरळीत धांवते, आणि खोपोलीपुढें बोरघाटाची चढण लागतांच धक्के देऊं लागते. इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरांत पेट्रोल पेटत नाहीं, हें याचें बहुधा कारण असतें. चढणीवर सिलिंडरांतील हवेचा दाब वाढतो, व त्या दाबांत ठिणगी पडण्यास विद्युद्दाबहि अधिक लागतो. प्लग झिजला असेल किंवा कॉइल दुबळी झाली असेल, तर ठिणगी येथेंच चुकते. पावसाळ्यांत प्लगच्या खळग्यांत पाणी शिरल्यानेंहि असें घडतें.

अशा वेळीं पुष्कळ लोक सर्व प्लग व कॉइली एकदम बदलतात. दुकानदारास तें आवडतें, हें सांगणें नको. प्रथम दोषी सिलिंडर ओळखावा. कारागिराकडील दोषवाचक यंत्रावर पी०३०२ असा आंकडा आल्यास दोष दुसऱ्या सिलिंडरांत समजावा. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असल्यास, इंजिन बंद व थंड असतांना ती शेजारच्या कॉइलीशीं बदलून मोटार पुन्हां चालवावी. दोष कॉइलीबरोबर सरकला, तर कॉइलच बिघडली. न सरकल्यास प्लगचीहि तशीच अदलाबदल करावी. तोहि निर्दोष ठरल्यास पेट्रोलचा फवारा व सिलिंडराचा दाब तपासून घ्यावा.

इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागल्यास मात्र चढण रेटूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें पेटून तो निकामी होतो, आणि त्याची किंमत प्लगच्या कित्येक पट असते.