लहान मुलांचा ताप : हाताने नव्हे, थर्मामीटरने पाहा

रात्रीचे दोन वाजलेले असतात. दीड वर्षाचे बाळ तापाने फणफणलेले असते. आजी कपाळाला हात लावून म्हणते, "अंग नुसतं भाजतंय, ताप डोक्यात जाईल." आई बाळाला गोधडीत गुंडाळते, वडील मोटारसायकल काढतात. शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या आडवळणाच्या वस्तीवरून रात्री दवाखाना गाठणे सोपे नसते. निघायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे घाबरून नव्हे तर पाहून ठरवावे. कसे, ते आज पाहू.

ताप मोजावा कसा?

हाताचा अंदाज फसवा असतो. आई गार पाण्यात भांडी घासून आली, तर तिला बाळाचे साधे अंगही गरम लागते. म्हणून घरात एक डिजिटल थर्मामीटर असावा. काचेचा पाऱ्याचा नको. तो फुटला तर पारा घातक. बाळाची काख पुसून कोरडी करा. थर्मामीटरचे टोक काखेच्या मध्यावर कातडीला टेकवा आणि आवाज होईपर्यंत दंड छातीशी धरून ठेवा. बाळ गुंडाळलेले असेल किंवा नुकतीच अंघोळ झाली असेल, तर १५-२० मिनिटे थांबून मोजा. काखेत ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा जास्त भरले तर ताप समजावा. आकडा आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

ताप हा स्वतः रोग नव्हे. जंतूंशी लढताना शरीर आपली उष्णता वाढवते. साध्या सर्दी-तापाने मेंदूला इजा होत नाही. तेव्हा आकड्यापेक्षा बाळाकडे जास्त पाहा. १०२ ताप असूनही अधूनमधून खेळणारे, दूध-पाणी घेणारे मूल एकवेळ सकाळपर्यंत थांबू शकते. १०० ताप असलेले, पण मलूल पडलेले मूल थांबू शकत नाही.

घरी काय करावे?

गोधडी, स्वेटर, कानटोपी काढा. एक पातळ सुती कपडा पुरे. खोलीत हवा खेळू द्या. अंगावरचे दूध चालू ठेवा. सहा महिन्यांवरील मुलाला पाणी, भाताची पेज, वरणाचे पाणी थोडे थोडे पण वारंवार द्या. बर्फाने किंवा गार पाण्याने अंग पुसू नका. त्याने हुडहुडी भरते आणि ताप उलट वाढतो. पुसायचेच तर कोमट पाणी घ्या.

औषधाच्या बाटलीवरचा आकडा वाचा

तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. तेही बाळ किरकिरत असेल, अंग दुखत असेल तर. पण खरी चूक इथेच होते. हे औषध ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळते. थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे 'एक चमचा' हा शब्द प्रत्येक बाटलीला वेगळा. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत. १० किलोच्या बाळाला १२५ च्या बाटलीतून ६ मिली, तर २५० च्या बाटलीतून ३ मिलीच. चहाचा चमचा नको, बाटलीबरोबरचे माप वापरा. दोन मात्रांत किमान ४ ते ६ तास जाऊ द्या आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. शेजारच्या मुलाचे उरलेले औषधही नको.

आकडी आली तर

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात आकडी येते. बाळाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. थांबली तरी डॉक्टरांना दाखवाच.

रात्र असली तरी निघा

बाळ तीन महिन्यांच्या आतील असेल आणि ताप असेल. बाळ दूध ओढत नसेल, सगळे ओकून टाकत असेल. हाक मारूनही जागे होत नसेल. मान ताठ झाली असेल किंवा टाळू फुगली असेल. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले असतील. सहा तासांत लघवी झाली नसेल, तर थांबू नका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, अथवा छाती आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. डेंग्यूच्या दिवसांत आणखी एक ध्यानात ठेवा : ताप उतरला, पण पोट दुखते, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, तर ती बरे होण्याची खूण नव्हे.

यांपैकी काहीच नसले, तरी ताप दोन दिवसांत हटला नाही तर दवाखान्यात जा. जाताना औषधाची बाटली आणि कॅलेंडरवरचे आकडे बरोबर घ्या. गोधडी मात्र घरीच राहू द्या.